करंगळीने धर : आयकिदोचे थोरले शिक्षक आणि त्यांच्याकडून शिकलेलं (धागा)

चिंचगुळ
परवा लोणच्याच्या बरणीचं झाकण कुणालाच उघडेना. नवऱ्याने जोर लावून पाहिला, मुलाने गरम पाण्याखाली धरून पाहिलं. शेवटी मी उघडलं. मुलगा म्हणाला, "आई, कसं काय?" म्हटलं, "करंगळीने धरायचं. अंगठा नुसता सोबतीला." "हे कुणी शिकवलं?" "एका रिटायर्ड पोस्टमनने. तोक्योत."

तर हा धागा त्या पोस्टमनसाठी.

२००९ ते २०१३ मी कंपनीच्या कामावर तोक्योत होते. राहायला निशि-कासाई, म्हणजे आपल्या लोकांची वस्ती. जिन्याखाली कुणीतरी मराठीत फोनवर भांडत उभं असायचंच. वॉर्डाच्या क्रीडासंकुलात आठवड्यातून दोन संध्याकाळी आयकिदो या जपानी युद्धकलेचा वर्ग असे. ऑफिसातल्या एका बाईंनी ओढून नेलं आणि मी चार वर्षं टिकले.

सेन्सेई, म्हणजे वर्गाचे शिक्षक, हेच ते पोस्टमन. तेव्हा ७१ वर्षांचे. उंची माझ्याएवढीच, म्हणजे बेताचीच. तरुणपणी ते शिंजुकूतल्या हॉम्बु दोजोत, म्हणजे आयकिदोच्या मुख्य तालमीत, पहाटे साडेसहाचा वर्ग करायचे आणि मग टपाल वाटायला निघायचे. ज्यांनी आयकिदो उभं केलं त्या मोरिहेई उएशिबांना त्यांनी डोळ्यांनी पाहिलेलं. उएशिबा एप्रिल १९६९ मध्ये गेले. आमच्या सेन्सेईंकडे मात्र त्यांची एकच आठवण होती. "ओ-सेन्सेई (म्हणजे उएशिबा) अचानक वर्गात यायचे, काहीतरी दाखवायचे आणि मग देवदेवतांबद्दल बोलायला लागायचे. आम्हाला एक अक्षर कळायचं नाही. गुडघे मोडून बसलेलो असायचो, पाय बधिर व्हायचे." मी किती खोदखोदून विचारलं असेल, पण दर वेळी गाडी त्या बधिर पायांपाशीच थांबायची.

पहिले दीड-दोन महिने मी फक्त पडायला शिकले. मागे पडणं, पुढे लोटांगणासारखी गोल कोलांटी, हनुवटी छातीशी. मग एका संध्याकाळी त्यांनी मला पुढे बोलावलं. वर्गात चौथ्या दानचे दोघे जण होते, वीस-वीस वर्षं घासलेले. त्यांना सोडून मला. हात पुढे केला आणि म्हणाले, "धरा."

धरला.

"घट्ट."

घट्ट धरला. त्यांनी काहीच केलं नाही. माझ्या हाताकडे बघत राहिले आणि म्हणाले, "अंगठा कशाला दाबताय? करंगळी." दुसऱ्या हाताने माझी करंगळी उचलून स्वतःच्या मनगटाभोवती नीट बसवली, मग अनामिका. "ओलं फडकं पिळता तसं." मला चक्क्याचं फडकं आठवलं. आमच्या आजीला चक्का बांधताना पाहिलंय, तिचा अंगठा कधी कामाला लागायचाच नाही. तसं धरलं, तर माझं कोपर आपोआप खाली आलं आणि खांद्याचा ताण गेला. म्हणाले, "हां. आता सोडू नका."

बाकीचा वर्ग जोड्या करून सराव करतोय, धपाधप आवाज चाललेत, आणि मी एका म्हाताऱ्या माणसाचं मनगट धरून उभी. वीस मिनिटं तरी. ते जरासे वळायचे, जरासे बसल्यासारखे व्हायचे. मनगट धरलं होतं तिथेच होतं. मध्येच लक्षात आलं की माझी उजवी टाच वर उचलली गेलीय आणि ती कधी उचलली हे मला ठाऊक नाही. त्यांनी हसून माझ्या टाचेकडे बोट दाखवलं. पाडलं-बिडलं काही नाही. त्या दिवशीचा धडा तेवढाच.

मीच का, हे बऱ्याच दिवसांनी विचारलं. वर्गानंतर सातूचा गार चहा पीत बसलो होतो. त्यांचं उत्तर मी घरी येऊन वहीत लिहून ठेवलं, म्हणून जवळपास शब्दशः देते : "ते दोघे माझ्याकडे वीस वर्षं आहेत. मी काय करणार ते त्यांना आधीच कळतं आणि माझा हात हलायच्या आत ते पडतात. मी बरोबर करतोय की चुकतोय, हे मला कळायला काही मार्गच उरलेला नाही. तुम्हाला अजून कधी पडायचं ते माहीत नाही."

तुमचेही असे कुणी थोरले असतील तर लिहा. आयकिदोच हवं असं नाही.

कंदीलवाला
पयला नंबर! लोणच्यापासून तोक्योपर्यंत, मस्त. ते "दान" म्हणजे कराटेतल्या ब्लॅक बेल्टच्या पायऱ्या, तेच ना?

बिनघोर
छान लिहिलंय. सामुराई लोकांची ही शेकडो वर्षांची प्राचीन कला आपल्या मराठी बाईने शिकावी याचा अभिमान वाटला.

यावरून एक किस्सा. तोक्योच्या लोकलमध्ये एक दारुडा धिंगाणा घालत असतो. आयकिदो शिकणारा एक धिप्पाड अमेरिकन त्याला लोळवायला उठतो, तेवढ्यात एक म्हातारबाबा त्या दारुड्याला जवळ बोलावतात आणि साकेबद्दल, घरच्या झाडाबद्दल, बायकोबद्दल गप्पा मारायला लागतात. शेवटी दारुडा त्यांच्या मांडीवर डोकं ठेवून रडतो. हेच खरं आयकिदो!

चिंचगुळ
कंदीलवाला, हो, तेच.

बिनघोर, धन्यवाद. पण प्राचीन वगैरे नाही हो. उएशिबांचा जन्म १८८३ चा. १९१५ साली होक्काइदोत त्यांना दाइतो-र्यू जुजुत्सु या युद्धकलेचे गुरू ताकेदा सोकाकु भेटले, त्यांच्याकडची शिकवणी हा पाया. "आयकिदो" हे नाव तर १९४२ पासूनचं. आपल्या 'चले जाव'च्या वयाचं.

लोकलचा किस्सा टेरी डॉबसनचा. हा अमेरिकन गडी साठच्या दशकात उएशिबांच्या दोजोत राहून शिकला. किस्सा चांगलाच आहे, पण इतक्या ठिकाणी फिरलाय की तो ऐकला की मला व्हॉट्सॅपच्या फॅमिली ग्रुपचा वास येतो. राग मानू नका.

बिनघोर
राग कसला. माझ्याकडे फॅमिली ग्रुपवरूनच आला होता.

गंगावेशकर
चिंचगुळ ताई, तुमचा पोस्टमन वाचून आमचे वस्ताद आठवले.

लहानपणी कोल्हापुरात तालमीत जायचो. पहाटे चारला उठून आधी माती उकरायची. तिच्यात ताक, तेल, हळद, लिंबू, काव घालून मळायची, कणकेसारखी. अंगाला लागली की थंडगार. पहिले सहा महिने माती उकरणं आणि जोर-बैठका एवढंच. डाव शिकवा म्हटलं की वस्ताद म्हणायचे, "आधी माती कळू दे."

वस्तादांची पंचाहत्तरी उलटलेली. हौद्यात उतरायचे बंद झालेले, कट्ट्यावर बसून असायचे. दोन पोरं भिडली की बसल्या जागेवरून, "आरं माझ्या तोंडाकडं काय बघतुयास? त्येच्या पायाकडं बघ की!" पण कधीतरी मनात आलं की मला कट्ट्यापाशी बोलवायचे आणि म्हणायचे, "हं, मान धर." मी त्यांच्या मानेवर हात टाकायचा. ते कट्ट्यावर मांडी घालून बसलेले, मी उभा, वय सोळा, वजन पासष्ट किलो. मान हलायची नाही. तिसऱ्या-चौथ्या खेपेला तेच माझ्या कोपराला टिचकी मारायचे, "हितनं जोर गळतोय बघ तुझा." तुमची करंगळी वाचली आणि ती टिचकी आठवली.

एक प्रश्न. आमच्यात म्हणतात की वस्ताद चेल्याला सगळे डाव शिकवतो, पण एक डाव राखून ठेवतो. जपान्यांच्यात पण आहे का हे?

स्पष्टवक्ता_७७
सगळ्यांच्या भावनांचा आदर ठेवून विचारतो. यूट्यूबवर आयकिदो बघितलंय. एक आजोबा हात फिरवतात आणि चार धट्टेकट्टे गडी आपणहून हवेत गिरकी घेऊन पडतात. ताईंच्या सेन्सेईंनीही तेच कबूल केलेलं दिसतंय, की लोक आधीच पडतात! मग यात शिकायचं काय? कुस्तीत कुणी आपणहून चीतपट होत नाही.

कंदीलवाला
*पॉपकॉर्न घेऊन बसलो आहे*

हडसनकाठ
स्पष्टवक्ता, प्रश्न रास्त आहे. मी जर्सी सिटीत राहतो, बारा वर्षं आयकिदो केलं, आता गुडघ्यामुळे बंद. थोडं लांबेल.

जो पडतो त्याला उके म्हणतात. उकेची पडण्याची जी कला, उकेमी, तिचा मूळ हेतू अंग वाचवणं. मनगट एका बाजूला पिळलं जात असताना तुम्ही ताठ उभे राहिलात तर मनगट जातं. म्हणून उके त्या दिशेने जातो. तुम्ही जी गिरकी बघता ती कोतेगाएशी नावाच्या तंत्रातली असणार. तिथे उडी मारणं हा नाटकाचा नव्हे, हाडं वाचवायचा भाग आहे. इथपर्यंत ठीक.

अडचण पुढे आहे. दर मे महिन्यात तोक्योच्या बुदोकानमध्ये मोठं प्रात्यक्षिक होतं, तिथे किंवा शिबिरात ज्येष्ठ शिक्षकाचा उके होणं हा मान असतो. मान मिळाला की माणूस जास्तच सुंदर पडतो. शिक्षक ८० वर्षांचे, उके २५ चा. वाईट दिसायला नको म्हणून तो अर्धा सेकंद आधी निघतो. पुढचा उके त्याचं बघून पाऊण सेकंद आधी. असं करत करत दहा वर्षांनी यूट्यूबवर जे दिसतं ते होतं. म्हणजे तुमचं म्हणणं चूक नाही, पण रोग शिष्यांपासून सुरू होतो. ताईंच्या सेन्सेईंना हा रोग झालेला कळला होता, ही मला मोठी गोष्ट वाटते. बहुतेकांना कळत नाही, कारण पडणारे पडत राहतात.

बाकी आयकिदोतही वेगळा विचार करणारे झालेत. केन्जी तोमिकी हे जुदोवाल्या कानोंचेही शिष्य आणि उएशिबांचेही. स्पर्धेशिवाय खरं-खोटं कळणार नाही असं त्यांचं मत, म्हणून त्यांनी वासेदा विद्यापीठात नकली सुरा घेऊन लढतीचा प्रकार सुरू केला. उएशिबांना स्पर्धा मान्य नव्हती. गोझो शिओदांनी १९५५ मध्ये योशिनकान काढलं, त्यांच्याकडे तोक्योच्या दंगल पथकाचे पोलीस वर्षभराच्या शिक्षणाला येत. ती शैली रोखठोक. आणि कोइची तोहेई, ज्यांनी १९५३ साली हवाईला आयकिदो नेलं, त्यांनी तर १९७४ मध्ये मूळ संस्थाच सोडली. थोरले गेले की गादीवरून भाऊबंदकी, हे काही फक्त आपल्याकडेच नाही.

गोथेनबर्गकर
हडसनकाठ यांनी शिओदांचं नाव घेतलं, पण इवामाला विसरले. इवामावाल्यांना विसरलेलं आवडत नाही :)

मी गोथेनबर्गला नोकरीला आहे, इथे इवामा पद्धतीचं मोठं घराणं आहे. उएशिबा १९४२ मध्ये तोक्यो सोडून इबाराकीतल्या इवामा गावात शेतीला गेले. १९४६ मध्ये तिथलाच १८ वर्षांचा मोरिहिरो साइतो त्यांच्याकडे आला. साइतो रेल्वेत नोकरीला. २४ तास ड्यूटी, २४ तास सुट्टी. त्या सुट्टीच्या दिवसांवर त्यांचं अख्खं आयकिदो उभं आहे. शेतातलं काम, सरपण, लाकडी तलवार, काठी. बाकीचे शिष्य येत-जात राहिले, हे राहिले. म्हातारपणी शिबिरांतून शिकवताना १९३८ ची उएशिबांची फोटोंसकट पुस्तिका हातात धरून दाखवायचे, की बघा, पाय असा आहे, मी मनाचं सांगत नाही. २००२ मध्ये गेले.

आमच्याकडे नियम सोपा. समोरच्याने हात दाबून धरायचा आणि तो हलल्याशिवाय हलायचं नाही. सुरुवात नेहमी थांबलेल्या पकडीपासून. त्यामुळे स्पष्टवक्ता यांनी यावं, धरावं, आपणहून पडू नये. कॉफी माझ्याकडून.

स्पष्टवक्ता_७७
गोथेनबर्गचं तिकीटही तुमच्याकडून असेल तर विचार करतो.

पण हडसनकाठ, उत्तर आवडलं. "रोग शिष्यांपासून सुरू होतो" हे आमच्या ऑफिसलाही लागू आहे.

सांधेदुखी
व्यवसायाने फिजिओ आहे, आयकिदो आठ वर्षं केलं. आठवणींच्या धाग्यावर मीठ टाकते, माफ करा.

थोरल्या शिक्षकांची भक्ती करताना त्यांच्या शरीराकडेही बघा. त्या पिढीतल्या कितीतरी जणांचे गुडघे गेलेत. सुवारी-वाझा म्हणजे गुडघ्यांवर बसून, चालून केलेली तंत्रं. गुडघा पूर्ण दुमडलेला, त्यावर वजन, वर पिळा. मेनिस्कसला, म्हणजे गुडघ्यातल्या गादीला, याहून वाईट काय करता येईल मला सुचत नाही. चाळिशीनंतर सुरू करणाऱ्यांना मी सरळ सांगते की उभ्याने करा.

दुसरं, शिहोनागे. यात उकेचा हात त्याच्याच खांद्यामागे दुमडून त्याला मागे खाली आणतात. हात मोकळा न करता झटक्याने खाली ओढला तर पडणाऱ्याला हनुवटी आत घ्यायला वेळच मिळत नाही आणि डोक्याची मागची बाजू आपटते. जपानमधल्या विद्यापीठांच्या क्लबांत नवखी मुलं अशी दगावलेली आहेत. हे तंत्र पहिल्या महिन्यात शिकवतात म्हणून सोपं वाटतं.

माझं स्वतःचं : परदेशात एका शिबिरात एका फार मोठ्या माणसाने माझ्यावर निक्यो, म्हणजे मनगट पिळून धरायचं तंत्र, लावलं. मी दोनदा जमिनीवर हात आपटला. त्याचा अर्थ जगभर एकच, सोडा. त्यांनी हसून आणखी थोडं दाबलं आणि वर्गाकडे बघून काहीतरी समजावत राहिले. नाव-गाव लिहीत नाही, ते माझ्यापुरतं. करंगळीच्या बाजूचं मनगट अजून पावसाळ्यात ठणकतं. सगळ्यात वाईट म्हणजे मी उठून वाकून नमस्कार केला आणि दोन वर्षं मैत्रिणींना अभिमानाने सांगत होते की मला त्यांनी स्वतः निक्यो लावलं होतं.

चिंचगुळ ताईंच्या सेन्सेईंचे गुडघे कसे होते?

चिंचगुळ
वाईट. मी होते तेव्हाच त्यांना वज्रासनासारखं बसता येणं बंद झालं. वर्गाच्या सुरुवातीला सगळे गुडघे मोडून रांगेत बसतात आणि सेन्सेई समोर बसून नमस्कार करतात. त्यांच्यासाठी घडीची खुर्ची ठेवायचो. चार वर्षांत एकदाही त्या खुर्चीवर बसण्याआधी "माफ करा" म्हणायचे राहिले नाहीत.

तुमचा निक्यो वाचून पोटात कसंतरी झालं. आमच्याकडे उलट होतं. हात आपटण्याच्या आत सुटका व्हायची, आणि नाही झाली तर चौथ्या दानलासुद्धा सगळ्यांसमोर ऐकावं लागायचं.

गंगावेशकर, राखून ठेवलेल्या डावाबद्दल. ताकेदा सोकाकु या बाबतीत अगदी पक्के होते. कुणाला काय शिकवलं, कुणी किती पैसे दिले याच्या रीतसर वह्या ठेवायचे, शिष्याचं नाव आणि शिक्क्यासकट. आमच्या सेन्सेईंकडे राखून ठेवलेलं काही नव्हतं, आणि शिकवलेलंही ते परत घ्यायचे! जानेवारीत नव्या वर्षाचा पहिला वर्ग झाला की मोची घातलेलं लाल चवळीसारख्या दाण्यांचं गोड सूप असतं. एका वर्षी सगळ्यांच्या हातात वाट्या असताना ते उठले आणि म्हणाले, "इरिमिनागेत (ही एक फेक) मी दहा वर्षं तुम्हाला समोरच्याची मान खांद्याशी ओढून घ्यायला सांगत आलो. ते चूक होतं. ओढायचं नाही, आपण तिथे जायचं. दहा वर्षं चूक शिकवल्याबद्दल क्षमा करा." आणि कमरेत वाकले. दोघा चौथ्या दानवाल्यांची तोंडं बघण्यासारखी होती. एकाची वाटी तशीच राहिली.

गंगावेशकर
आमचे वस्ताद असं कधीच म्हणाले नसते. चुकलं तर पोराचंच. पण ते गेल्यावर त्यांच्या मुलाने सांगितलं की घरी रात्री कंदिलासमोर सावलीत डाव करून बघायचे, आणि सकाळी येऊन आम्हाला ते काल सांगितलेल्याच्या उलट सांगायचे. आम्ही समजायचो म्हातारपण.

गोथेनबर्गकर
चिंचगुळ, हा इरिमिनागेचा किस्सा आमच्या दोजोत सांगितला तर दोन गट पडतील. आमच्याकडे थोरल्यांनी जसं दिलं तसं ठेवणं यालाच किंमत. पण उएशिबांचे १९३० च्या दशकातले फोटो आणि साठच्या दशकातल्या फिल्मा शेजारी ठेवून बघा, तोच माणूस, आणि फरक उघड आहे. मग कुठल्या वर्षीचं ठेवायचं?

माझ्या इवामावाल्या मित्रांना आवडणार नाही, पण याबाबत हॉम्बु दोजोतल्या सेइशिरो एंदोंची गोष्ट मला फार आवडते. पहिली दहाएक वर्षं ते ताकदीचं आयकिदो करत होते. तिशीत उजवा खांदा निखळला. तेव्हा सेइगो यामागुचींनी त्यांना विचारलं की इतकी वर्षं आयकिदो केलंस, आता एकच हात उरलाय, तर काय करशील? यामागुचींचा हात मऊपणासाठी प्रसिद्ध होता. एंदोंनी तिथून सगळं पुन्हा सुरू केलं, ताकद सोडून. म्हणजे थोरल्याने तंत्र दिलं नाही, नुसता प्रश्न दिला. मी स्वतः स्वीडनमध्ये त्यांच्या एका शिबिराला गेलो होतो, कुणाला न सांगता. इथे लिहिलं म्हणजे आता सगळ्यांना कळणार.

हडसनकाठ
तुमचं गुपित आमच्याकडे सुरक्षित आहे. स्वीडिश माणूस मराठी धागे वाचत असेल तर गोष्ट वेगळी.

माझ्या वाट्याला आलेलं थोडं सांगतो. जर्सी सिटीहून पाथ ट्रेनने चौदाव्या रस्त्याला उतरायचं आणि चालत अठराव्या रस्त्यावर न्यूयॉर्क आयकिकाई या दोजोत जायचं. योशिमित्सु यामादा १९६४ च्या जागतिक प्रदर्शनाच्या वेळी प्रात्यक्षिकासाठी न्यूयॉर्कला आले आणि राहिलेच. तामुरा फ्रान्सला, तादा इटलीला त्याच वर्षी. सेइइचि सुगानो १९६५ मध्ये ऑस्ट्रेलियात, चिबा १९६६ मध्ये इंग्लंडला, कानाई त्याच वर्षी बोस्टनला. यातले बहुतेक उएशिबांच्या दोजोत राहून शिकलेले, पंचविशी-तिशीतले, भाषा धड येत नाही, आणि जगभर पांगले. आज जगात कुठेही आयकिदो करा, दोन-तीन पायऱ्या मागे गेलात की यातलं कुणीतरी सापडतं. यामादा जानेवारी २०२३ मध्ये गेले तेव्हा माझ्या फोनवर पाच देशांतून निरोप आले.

पण मला सांगायचंय ते सुगानोंबद्दल. शेवटच्या काळात ते न्यूयॉर्कलाच शिकवत. आजारपणात त्यांचा एक पाय गुडघ्याखालून काढावा लागला होता. ते कृत्रिम पाय लावून मॅटवर शिकवायचे. मी तेव्हा नवखा, पाचव्या की चौथ्या क्यूला (दानच्या खालच्या पायऱ्या). आयकिदोत सगळं पायांवर चालतं, अंतर किती, कोन कुठला. दोन धड पाय असून मला ते जमत नव्हतं. पहिल्या दिवशी मी त्यांच्या पायाकडेच बघत राहिलो, असभ्यपणा म्हणा हवं तर. दोन-तीन वर्गांनंतर लक्षात आलं की आपण बघायचं विसरलोय. तामुरा आणि सुगानो दोघेही २०१० मध्येच गेले.

पाऊलवाट
बरेच दिवस वाचनमात्र होते, या धाग्यासाठी लॉगिन केलं. ताई, तुम्ही त्या मुख्य दोजोत गेला होतात का? मी जपानी शिकतेय, पुढच्या वर्षी तोक्योला जायचा विचार आहे. बाहेरच्या माणसाला जाता येतं का? मी अगदीच नवखी आहे.

चिंचगुळ
येतं, नवख्यांसाठी वेगळा वर्ग असतो. मी पाच-सहा वेळाच गेले. ओएदो लाइनने वाकामात्सु-कावादा स्टेशन, तिथून चालत. तेव्हा पहाटे साडेसहाला दोशु, म्हणजे आयकिदोचे प्रमुख आणि उएशिबांचे नातू मोरितेरु उएशिबा, शिकवायचे. शिकवायचे म्हणजे करून दाखवायचे. बोलणं जवळजवळ नाही. आपण डोळ्यांनी उचलायचं. जपानीत याला मितोरी-गेइको म्हणतात, बघून घेतलेला सराव.

एक गोष्ट आधी सांगून ठेवते, मला कुणी सांगितली नव्हती. तिथे वर्गाच्या सुरुवातीला शेजारच्याला "ओनेगाइ शिमास" म्हणून वाकलं की तो अख्खा तासभर तुमचा जोडीदार. बदलायचा नाही. मी घाईत उजवीकडे वाकले, तर सत्तरीच्या आजीबाई. मनात म्हटलं, चला, आज आराम. त्या आजीबाईंनी मला तासभरात इतकं पाडलं की परत येताना लोकलमध्ये उभ्याने झोप लागली. निघताना त्यांनी माझा कंबरपट्टा नीट बांधून दिला.

सांधेदुखी
पाऊलवाट, गुडघ्यांचं आधी तपासून जा. आणि नखं कापून जा. जपानी लोक बोलणार नाहीत, पण बघतील.

स्पष्टवक्ता_७७
मी काल बायकोला म्हटलं, हात धर, करंगळीने. तिने धरला. मला काही हलता आलं नाही. पंधरा मिनिटांनी तिने विचारलं, "आता सोडू का, कुकर झाला." संशोधन चालू आहे.

गंगावेशकर
स्पष्टवक्ता, ती माती आहे. आधी माती कळू दे.

चिंचगुळ ताई, शेवटी भेट झाली का तुमची त्यांच्याशी?

चिंचगुळ
२०१८ मध्ये कामासाठी दहा दिवस गेले होते. वर्ग आता त्या दोघांपैकी एक जण घेतो. सेन्सेई येतात, खुर्चीवर बसतात. हात थरथरायला लागलाय त्यांचा, डावा जास्त. मला ओळखलं. नाव आठवेना, म्हणून "करी-सान" म्हणाले. एकदा मी त्यांना डब्यातून मटकीची उसळ नेली होती, ती त्यांच्या लेखी करी.

वर्ग संपल्यावर हात पुढे केला. मी धरला, करंगळीने, हळूच. म्हातारं माणूस, थरथरणारा हात, कसा घट्ट धरणार? ते वैतागले. "हे काय? घट्ट." मग घट्ट धरला. थरथर माझ्या कोपरापर्यंत येत होती. ते खुर्चीतच किंचित पुढे झुकले, आणि मी खाली बघितलं.

टाच.

कंदीलवाला
__/\__

पाऊलवाट
वाचनखूण साठवली.

गंगावेशकर
ताई, कोल्हापूरला आलात तर वस्तादांच्या मुलाला भेटवतो. आमच्या तालमीत बायकांना हौद्यात उतरायची चाल नाही, ते आधीच सांगतो, नंतर भांडण नको. पण आता पोरींच्या कुस्तीचा वर्ग निघालाय गावाबाहेर, मॅटवरचा. तिथली पोरं, म्हणजे पोरी, तुमचं मनगट धरायला तयार होतील.

चिंचगुळ
भांडण करणारच आहे, पण येईन. दिवाळीनंतर.

बिनघोर
धागा मूळ विषयावर आणतो. ते लोणचं कसलं होतं?

चिंचगुळ
कैरीचं. वरून बुरशी आली होती. टाकून दिलं.